तापलेल्या चाकानं पुणतांब्याला

केडगाव

केडगावहून पुणतांब्याला जायचं तर मनमाडचा रस्ता धरायचा आणि राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर करत दोन-अडीच तासांत पोचायचं. मला दीड दिवस लागला. मोटरसायकलचं मागचं चाक वाटेत चारदा जाम झालं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की मला पोचायचं नव्हतं.

मग गेलो कशाला, तर त्याला आमचे जावई जबाबदार आहेत. यंदा मला पंचाहत्तर पूर्ण होतात म्हणून घरच्यांनी एक छोटा गौरव अंक काढायचं ठरवलं. जावयांनी माझ्यावर दोन पानं लिहिली आणि तपासायला माझ्याच हातात दिली. त्यात एक वाक्य होतं: ‘साखर कारखान्याच्या वाहन विभागात तीस वर्षं सुपरवायझर असताना त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही.’ मी वरच्या परिच्छेदात दोन स्वल्पविराम घातले आणि त्या वाक्यापाशी येऊन थांबलो. चार दिवस तिथंच थांबलो होतो.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपमधल्या एका जीपचं मागचं चाक रस्त्यात पेटलं. चूक माझी होती. अहवालात मी प्रल्हाद मिस्त्रीचं नाव लिहिलं. त्याची नोकरी गेली आणि तो पुणतांब्याला आपल्या गावी निघून गेला. तिथं त्याचं गॅरेज आहे एवढंच मला ऐकून माहीत होतं. एकतीस वर्षांत मी शिर्डीला कितीतरी वेळा गेलो, पण पुणतांब्याच्या फाट्यावर मान कधी उजवीकडे वळवली नाही.

पाचव्या दिवशी बायकोला म्हणालो, “जरा पुणतांब्याला जाऊन येतो. जुना मिस्त्री आहे एक.”

“एवढ्या लांब गाडीवर? फोन करा की.”

“फोनवर बोलण्यासारखं नाही.”

“उधारी आहे का कुणाची?”

“तसंच काहीसं,” म्हणालो आणि डिकीत पाने-पकड टाकली. जाताना सोनईला बहिणीकडे मुक्काम करीन असंही सांगितलं. सोनई वाटेवर नाही हे तिलाही माहीत आहे, पण बहिणीचं नाव घेतलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न येत नाही.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. जावयांनी कार घेतली तेव्हा त्यांची मोटरसायकल माझ्याकडे आली. तिला मागेही डिस्क ब्रेक आहे. म्हणजे चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि पायानं पेडल दाबलं की दोन पॅड तिला दोन्हीकडून धरतात. उत्तम ब्रेक. मला मात्र पेडल फार खाली जातं असं वाटायचं. माझा उजवा गुडघा आता हवा तसा वाकत नाही. म्हणून निघायच्या दोन आठवडे आधी मी खाली बसलो, पेडलच्या मागचा एक नट फिरवला आणि ब्रेक जरा वर घेतला. नटावर नातीच्या नेलपॉलिशची एक गुलाबी रेघही ओढली. वर्कशॉपचा शिरस्ता होता तो. ज्यानं नट आवळला त्यानं त्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे काम तपासून झालं हे लांबूनही कळतं. तिथं पिवळा रंग असायचा. घरात गुलाबी होता.

केडगावातून भाजी बाजारापर्यंत ब्रेक झकास चालत होता.

इमामपूर घाट

नगर ओलांडून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो. जेऊर गेलं आणि गाडी जड वाटायला लागली. आधी वाटलं समोरून वारा आहे. मग शेजारून जाणाऱ्या टेम्पोच्या ताडपत्रीकडे पाहिलं, तर वारा पाठीमागूनच येत होता. ॲक्सिलरेटर पिळावा आणि गाडीनं मागून कुणीतरी कॅरिअर धरल्यासारखं कुंथावं.

घाट उतरायला लागलो. आमच्या पिढीतली माणसं पुढचा ब्रेक लावत नाहीत. तो लावला की माणूस तोंडावर पडतो अशी आमची ठाम समजूत आहे, आणि ती तपासून पाहायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे मी सगळा घाट मागच्या ब्रेकवर उतरलो. निम्म्यात करपल्याचा वास आला. तळाशी आल्यावर पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि उतारावर असूनही गाडी आपसूक थांबली. एवढ्या आज्ञाधारकपणे ती कधीच थांबली नव्हती.

उतरलो आणि तपासायला म्हणून तबकडीला बोट लावलं. तीस वर्षं वाहन विभागात काढलेल्या माणसानं हे करायला नको होतं. बोटाला फोड आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

पुढच्या टपरीवाल्यानं सगळं पाहिलं होतं. तो कपबशी घेऊनच आला.

“बसा बाबा. आदी च्या घ्या. गाडी कुटं पळून जात न्हाई.”

“ती जात नाही हीच तर अडचण आहे.”

तो हसला, माझं बोट धरून त्यानं पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि घोडेगावच्या एका मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक येईपर्यंत मी दोन चहा प्यालो, एक भेळ खाल्ली आणि टपरीवाल्याच्या म्हशीचं सगळं आजारपण ऐकलं. पाऊण तासानं मेकॅनिक आला. त्यानं गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक हातानं फिरवलं, आणि ते छान गरगर फिरलं.

“काय झालंय याला?” त्यानं विचारलं.

“जाम झालं होतं.”

“कवा?”

“मघाशी.”

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या बोटाकडे आणि मग टपरीवाल्याकडे पाहिलं. टपरीवाला म्हणाला, “झाल्तं, झाल्तं. म्या सोता पायलं.” मेकॅनिकनं पॅड काढून घासले, पुन्हा बसवले आणि हात पुसता पुसता विचारलं, “कुनी हात लावलाय का याला? नट-बिट फिरवलाय?”

“नाही,” मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. खिशात घडी घातलेला एक कागद होता, त्यावर प्रल्हादला काय सांगायचं ते चार ओळींत लिहिलेलं होतं, पहिली ओळ ‘चूक माझी होती’ अशी. तो कागद खिशात ठेवून मी एका नटाबद्दल खोटं बोललो होतो, आणि अजून घोडेगावही आलं नव्हतं.

सोनई

घोडेगावहून डावीकडे वळलं की शिंगणापूर लागतं. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून लोक लांबून बघायला येतात. आमच्या केडगावात दाराला दोन कुलपं आणि शिवाय कुत्रं असतं, त्यामुळे मलाही दर वेळी नवल वाटतं. नेमकी तिथंच गाडी दुसऱ्यांदा कुंथायला लागली. तेलाच्या बाटल्या विकणारा एक जण शेजारून चालायला लागला. हो, चालायलाच. माझा वेग तेवढाच होता.

“बाबा, तेल वाहून जा. गाडी धरलीय तुमची.”

“गाडी ब्रेकनं धरलीय.”

“ब्रेकला कुनी धरायला लावलं ते बगा की,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे गेला. त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी सोनईपर्यंत मला वाटत राहिलं की त्याला माहीत आहे.

बहिणीच्या, सुमनच्या, अंगणात शिरलो तेव्हा चाकातून धूर निघत होता. तिचे यजमान गोठ्यात होते. दाजींचा स्वभाव असा की अडचण दिसली की विचार करण्यात वेळ घालवायचा नाही. त्यांनी हौदातली बादली उचलली आणि मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत तबकडीवर ओतली. मोठा फस्स आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि दावणीची कालवड दावं तोडून थेट उसात गेली. पुढचा अर्धा तास आम्ही ब्रेक सोडून कालवड शोधत होतो. चिखलात बूट रुतला, तो दाजींनी काढला. कालवड आपली आपण परत आली.

एव्हाना चाक मोकळं फिरत होतं.

“बगा, सुटलं का न्हाई?” दाजी म्हणाले. “पानी लागतं गाडीला. मानसासारकंच हाय.”

“तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलं की तबकडी वाकडी होते दाजी.”

“वाकडी झाली का?”

“नाही.”

“मग?”

मी हौदावर चिखलाचा बूट धुवायला गेलो.

सुमननं हुलग्याचे शेंगोळे केले होते. आमच्या आईसारखे लांब आणि तिखट. शहराकडचे लोक शेंगोळ्यात तिखट घालताना हात आखडतात, सोनईत तसं करत नाहीत. जेवता जेवता तिनं विचारलं, “दादा, पुणतांब्याला कुणाकडं?”

“प्रल्हाद मिस्त्री म्हणून होता आमच्याकडं.”

“तो व्हय? जीप जाळली तो?”

सुमननं प्रल्हादला कधी पाहिलेलंही नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी मीच तिला दिवाळीत ते सांगितलं असणार, हसत हसत, इथंच बसून.

“त्यानं नाही जाळली,” मी म्हणालो.

“तूच तर सांगितल्तं.”

“हो. मीच सांगितलं होतं.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ताटात आणखी शेंगोळे वाढले. आमच्या घरात याचा अर्थ ‘उद्या सकाळी लवकर नीघ’ असा होतो.

राहुरीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत निघालो. ब्राह्मणी, उंबरे अशी गावं मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस, मधे कांदा, कुठं जनावरांसाठी घास. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागून जाताना मी दर चार किलोमीटरला थांबून गाडीखाली वाकून बघत होतो, त्यामुळे तोच ट्रॅक्टर मला तीनदा भेटला. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरनं हात केला. ओळख झाल्यासारखं वाटलं.

राहुरी येण्याआधी चाक पुन्हा धरलं, ते एका रसवंतीसमोर. पत्र्याचं छप्पर, इंजिनावर चालणारा चरक आणि चरकाशी पन्नाशीच्या एक बाई. मी बाकावर बसलो. गाडीची ‘टक् टक्’ करत गार होण्याची क्रिया सुरू झाली.

“काय म्हनती गाडी?” बाईंनी रस गाळता गाळता विचारलं.

मी सगळं सांगितलं. तापते, धरते, थांबलं की सुटते. मेकॅनिक येतो तेव्हा तिला काहीच झालेलं नसतं.

“मंजी थकली की बसती आन् बसली की बरी व्हती,” त्या म्हणाल्या. “आमच्या चरकाचं बी असंच व्हतं. मालकानं पट्टा लई ताणला हुता. दोन कॅन रस निगला की बेरिंग तापायचं आन् चरक जाम. मिस्त्री यायस्तोवर गार. मिस्त्री म्हनायचा, ताई, तुमाला भास व्हतोय. मंग मीच पट्टा येक बोट ढिला सोडला. तवापासनं गप चालतंय. जरा मोकळं ऱ्हायला पायजे ना वो कुटंतरी.”

“पट्टा कुणी ताणला होता हे मालक कबूल झाले का?”

“मालक?” त्या हसल्या. “त्ये अजून म्हनत्यात चरकच खराब हुता.”

मी ग्लास बाकावर ठेवला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मला पुस्तकातून शिकवलेलं होतं आणि मी वीस जणांना शिकवलं होतं. पेडल आणि ब्रेकचा सिलिंडर यांच्यामध्ये बोटभर रॉड असतो. पाय काढल्यावर त्या रॉडनं आत जरासुद्धा दाबून राहायचं नसतं, किंचित मोकळी जागा लागते. मी नट फिरवून ती जागाच बुजवली होती. मग सिलिंडरमधल्या ऑइलला परत फिरायला वाट राहत नाही, ते तापतं, फुगतं आणि कुणी पाय न लावता ब्रेक लागत जातो. गार झालं की सुटतो.

जीपचंही नेमकं हेच झालं होतं.

ते आता पूर्ण सांगून टाकतो. जीप ऊस विभागाच्या साहेबांच्या फेरीची होती. प्रल्हादनं तिच्या ब्रेकचं काम केलं, चांगलं केलं. संध्याकाळी साहेब म्हणाले, पेडल खोल जातंय. प्रल्हाद घरी गेला होता. मी स्वतः रॉड आवळला आणि पिवळी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी बाभळेश्वरच्या रस्त्याला मागचं चाक पेटलं. साहेबांनी चालत्या जीपमधून उसात उडी मारली. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण उडी मारलेल्या साहेबांना चौकशी लावावीच लागते. जीप ओढून वर्कशॉपात आणली. चौकशी समिती यायला तासभर होता. त्या तासात मी जीपखाली गेलो, नट होता तसा मागे फिरवला आणि वर नवी पिवळी रेघ ओढली. समितीला रॉड बरोबर सापडला. मग राहिलं काय, तर प्रल्हादचं काम.

त्यानं समितीसमोर सांगितलं, “माझ्याकडूनच काही राहिलं असेल.” त्याला दुसरं कारण दिसतच नव्हतं. तो टेंपररी होता, पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचा होता. माझ्यावर कुणाला शंका आली नाही आणि त्याच्यावर लगेच आली. याला त्याच्या कामापेक्षा त्याची वस्ती कारण होती. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतून येणारा तो आमच्या शॉपमधला एकटाच होता. हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचा मी उपयोग करून घेतला.

डिकीत बारा नंबरचा पाना होता. दोन मिनिटांचं काम. हातात पाना घेऊन मी गाडीशी वाकलोसुद्धा. गुलाबी रेघ समोरच दिसत होती. मग वाटलं, चौकशीच्या आधी नट मागे फिरवायचं काम एकदा करून झालंय.

पाना परत ठेवला.

“जमंना का?” बाईंनी विचारलं.

“जमतंय. पण पुराव्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय.”

त्यांना काही कळलं नसावं. त्यांनी आणखी अर्धा ग्लास रस दिला आणि म्हणाल्या, “सावलीसावलीनं जावा.”

पुणतांबा

देवळाली, बेलापूर, श्रीरामपूर. गाडी तापायच्या आत मीच थांबत गेलो. चौथ्यांदा ती श्रीरामपूर सोडल्यावर थांबली, तेव्हा एका लिंबाखाली अर्धा तास बसून खिशातला कागद पाठ केला.

गॅरेज शोधायला त्रास पडला नाही. नदीच्या पुलाकडच्या रस्त्यावर एकाला विचारलं, तो म्हणाला, “थांबा मिस्त्री का? ते काय पुढं.”

“थांबा मिस्त्री?”

“गाडी नीट झाली तरी सोडत न्हाईत. थांबा म्हनत्यात. चाक फिरिवत्यात, हात लावून बगत्यात, परत फिरिवत्यात. तीनदा. मंग सोडत्यात. गिऱ्हाईकं वैतागत्यात, पन जात्यात त्यांच्याकडंच.”

गॅरेजसमोर गाडी नेली ती कुंथतच नेली. प्रल्हाद स्टुलावर बसून एका स्कूटरचं चाक फिरवत होता. केस पांढरे, हात तेच. त्यानं मान वर केली, मला ओळखलं आणि उभा राहिला.

“साहेब?”

“जयभीम प्रल्हाद.”

“जयभीम. तुम्ही इकडं?” मग त्यानं नाक ओढलं. “पॅड जळतायत तुमचे.”

मी खिशात हात घातला, कागद काढायला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. गाडी त्यानं स्टँडवर घेतली होती, चाक हलत नव्हतं, आणि तो पेडलशी वाकला होता. गिऱ्हाईक आलं की तोंडाआधी गाडी बघायची, हे त्याला मीच शिकवलं होतं.

“गरम असताना आणली ते बरं केलंत,” तो म्हणाला. “लोक गार करून आणतात आणि काय झालंय म्हणून विचारतात.” त्याचं बोट नटापाशी थांबलं. “रेघ ओढलीय. आपल्या शॉपची रीत. पण गुलाबी?”

“नातीचं नेलपॉलिश आहे.”

“म्हणजे तुम्हीच आवळला?”

तिसऱ्यांदा तो प्रश्न आला होता आणि कागदावरची एकही ओळ मला आठवेना.

“हो. मीच आवळला. जीपचाही मीच आवळला होता.”

तो वाकलेलाच राहिला.

“कुठल्या जीपचा?”

“त्याच.”

मग मी सांगितलं. उभ्यानं, रस्त्यावर, क्रम सोडून. संध्याकाळ, पेडल, पिवळी रेघ, आणि तो एक तास. प्रल्हादनं मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर तो स्टुलावर बसला आणि स्कूटरच्या चाकाकडे बघत राहिला.

“म्हणजे माझं काम बरोबर होतं,” तो म्हणाला.

“पूर्ण बरोबर होतं.”

“एकतीस वर्षं मी रोज आठवतोय साहेब. कुठला स्प्रिंग राहिला, कुठली पिन राहिली. रोज. गाडी सोडायच्या आधी तीन-तीनदा चाक फिरवतोय. गावानं नाव ठेवलं मला.” त्यानं हातातलं फडकं खाली टाकलं. “आणि राहिलं काहीच नव्हतं.”

मी माफी मागितली. त्यानं खालचं फडकं उचललं आणि झटकून मांडीवर ठेवलं. मला वाटलं आता जा म्हणेल, आणि तसं म्हणाला असता तर मी चाक जाम असलेली गाडी ढकलत गेलो असतो. पण तो उठून म्हणाला, “मला नका सांगू. आत चला. तिला सांगा.”

आत त्याची बायको, कमलताई, ज्वारीचं पीठ चाळत होत्या. प्रल्हाद म्हणाला, “हे आमचे सुपरवायझर. ह्यांना काहीतरी सांगायचंय.” आणि हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला.

दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. कमलताईंनी चाळणं थांबवलं नाही. मी संपवल्यावर त्यांनी चाळण बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

“मंजी भाजी करपली की मी तुमाला ‘जीप जाळनारे’ म्हनते...”

“ते उगंच म्हणत होतीस,” प्रल्हाद म्हणाला.

“एकतीस वर्सं?”

“रोज.”

“तुमी बी कवा म्हनला न्हाई की मी न्हाई जाळली.”

“मला कुठं माहीत होतं?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. “साहेब, ह्यांची नोकरी गेली तवा लेकरं लहान हुती. मी तीन वर्सं कांदा काटायला गेले. त्ये तुमी आता भरून देऊ शकत न्हाई, आन् मी मागत बी न्हाई. पन तवा तुमी लिहून दिल्तं ना कागदावर? मंग आता बी लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं आमच्या दारातच ऱ्हातंय.”

मी म्हणालो, “छापून देतो.”

“कुटं?”

मी गौरव अंकाबद्दल सांगितलं. एकही चूक झाली नाही हे वाक्य सांगितलं. प्रल्हाद इतका वेळ गंभीर होता. ते ऐकून तो आधी खोकला, मग भिंतीला टेकला आणि हसायला लागला, ते थांबेचना. कमलताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांनाही तोंडाला पदर लावावा लागला. मी मधे बसून होतो. हसायची मला परवानगी आहे की नाही ते कळेना.

जेवायला त्यांनी बसवलंच. भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. भरीत किंचित करपलं होतं. कमलताई वाढताना थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या ताटाकडे वळून म्हणाल्या, “घ्या, जीप जाळनारे.”

एकतीस वर्षांनी पदवी योग्य माणसाकडे आली होती. मी भरीत दोनदा घेतलं.

परत

मुक्काम करा असं प्रल्हाद म्हणाला नाही आणि मीही थांबलो नाही. काही गोष्टी एका जेवणात मिटत नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. नट त्यानं दोन मिनिटांत मागे घेतला. पेडल थोडं खाली गेलं. “गुडघ्याला त्रास होईल,” तो म्हणाला. मी म्हणालो, होऊ दे. जळलेले पॅड बदलले. तबकडी डोळ्यासमोर धरून बघितली आणि विचारलं, “हिच्यावर पाणी कुणी ओतलं?”

“दाजींनी.”

“आणि पुढचा ब्रेक?”

“तो मी वापरत नाही.”

“वापरा. तोंडावर पडायचं ते आज पडून झालंय तुमचं.”

नटावर रेघ ओढायला त्यानं कपाटातून पिवळ्या रंगाचा डबा काढला. झाकणाला जुना रंग वाळून बसला होता. ब्रश माझ्याकडे करत होता, मग विचार बदलला आणि गुलाबी रेघ पुसून पिवळी त्यानंच ओढली.

मी गाडीवर बसलो, किक मारायला पाय उचलला.

“थांबा,” प्रल्हाद म्हणाला.

मी उतरलो. त्यानं गाडी पुन्हा स्टँडवर घेतली आणि चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. तबकडीला हात लावून बघितलं. परत फिरवलं.

दारातून कमलताई म्हणाल्या, “आता कशाला फिरिवता वो? चूक तुमची नव्हती ना?”

प्रल्हादनं तिसऱ्यांदा चाक फिरवलं आणि कान लावून ऐकत राहिला.

“चूक यांची होती,” तो म्हणाला, “म्हणूनच बघतोय.”